पळसवाडीची अकरा उत्तरं

हा प्रवास मी हौसेनं केला नाही. मला पाठवलं म्हणून गेलो, आणि जाताना वाटेत दोनतीनदा तरी परत फिरावं असं वाटलं. तरी लिहितो आहे, कारण पुण्यात बसून लांबच्या गावांना शिकवणाऱ्या आमच्यापैकी त्या बाजूला अजून कुणीच गेलेलं नाही.

आमच्या कॉलेजातले आठल्ये सर एक टपालशाळा चालवतात. जिथे मोठ्या माणसांना शिकवायला कुणी नाही अशा वाड्यांना छापील पाठ टपालानं जातात. तिथली माणसं पाठ वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहितात आणि परत पाठवतात. ती तपासायचं काम आम्हा चार विद्यार्थ्यांकडे आहे. मी करमाळ्याकडचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे हातात लाल पेन्सिल आली तेव्हा मला फार अभिमान वाटला. इतका वाटायला नको होता, हे आता कळतं.

कर्जत तालुक्याच्या खालापूर पेट्यातल्या पळसवाडीहून अकरा जणांची उत्तरं यायची. सुंदर अक्षर, एकही डाग नाही. तिसऱ्या पाठाच्या वेळी माझ्या लक्षात आलं की अकराही उत्तरपत्रिका एकाच हाताच्या आहेत. उत्तरंही शब्दाला शब्द तीच. ‘उन्हाळ्यात नद्या का आटतात?’ या प्रश्नाला अकरा जणांनी लिहिलं होतं: ‘आमची नदी आटत नाही. ती डोंगरावरच्या पायपातून येते.’ मी अकरा फुल्या मारल्या, ‘पाठ नीट वाचा’ असा शेरा लिहिला, आणि केंद्राचे प्रमुख म्हणून ज्यांचं नाव होतं त्या गोमा यांना एक उघडं कार्ड टाकलं: ‘सर्व उत्तरे एकाच हाताने लिहिलेली आहेत. ही फसवणूक आहे. खुलासा करावा.’

तीन आठवडे उत्तर आलं नाही. तेव्हा मी सरांना सांगितलं.

सर म्हणाले, “नवले, असं असेल तर ते केंद्र बंद करावं लागेल. युद्ध संपलं तरी कागद काही मोकळा झालेला नाही. पाठ मागणारी दुसरी गावं आहेत. पण आधी तुम्ही बघून या. अकरापैकी निदान सहा जण स्वतःच्या हातानं लिहितात असं दिसलं, तर केंद्र राहील.” मी निघालो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. “आणि पाकीट ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं जा. आपण काय पाठवतो ते आपल्याला माहीत आहे. ते कुठून कुठून जातं ते माहीत नाही.”

कर्जत ते खोपोली

पाकीट कर्जतला उतरतं, म्हणून मीही उतरलो. माघाची थंडी होती. फलाटावर टपालाच्या थैल्या धपाधप पडल्या आणि मी उगाच पुढे होऊन बघू लागलो. हमालानं विचारलं, “काय पाहिजे?” मला ‘पाकीट बघतोय’ असं म्हणवेना. मी म्हटलं, “काही नाही.” तो माझ्याकडे बराच वेळ संशयानं बघत राहिला, आणि मला खरोखरच काहीतरी लपवत असल्यासारखं वाटू लागलं.

पुढे खोपोलीपर्यंत सर्व्हिस मोटार होती. पेट्रोल नाही, म्हणून मागे कोळशाची टाकी बसवून गॅसवर चालवलेली. पहिल्याच चढावर ती दमली. सगळे खाली उतरले. मी पिशवी सांभाळत बाजूला उभा राहिलो, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, “तुमी कुठले?”

“पुण्याचा.”

“मग पुन्याची मान्सं काय नुस्ती बगतात का? लावा हात.”

हात लावला. सदऱ्यावर जो कोळसा बसला तो पळसवाडीपर्यंत गेला नाही. परीक्षक म्हणून जायचं आणि तोंड काळं करून जायचं, ही चिंता मला वाटभर पुरली.

खोपोलीत डोंगराच्या अंगावर वरपासून खालपर्यंत मोठाले लोखंडी नळ उतरलेले दिसतात. त्यांतून धरणाचं पाणी येतं, त्यावर वीज होते, आणि वीज मुंबईला जाते. हे मी ऐकून होतो. पण त्या दिवशी डोक्यात अहवाल होता. नळांकडे पाहिलं आणि मान वळवली. उत्तरपत्रिकेतला ‘पायप’ मला आठवलासुद्धा नाही.

नदी

खालापूरच्या टपालकचेरीत कळलं की पळसवाडीची थैली घेऊन बाळाराम टपालवाले सकाळीच गेले. मी एकटाच पायी निघालो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं, आणि त्यांत आता वाल पेरलेले. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी कापणीला आलेली असते आणि माणूस त्यात दिसेनासा होतो. इथे मी लांबूनही कुणालाही दिसलो असतो. ते मला नको होतं.

वाटेत पाताळगंगा लागली. पाणी गुडघ्याखाली, तळाचे गोटे दिसत होते. धोतर वर खोचलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि पाण्यात शिरलो. मध्यावर पोचलो तेव्हा पिंढऱ्यांना गार वाटू लागलं. मग गुडघ्यांना. आभाळात एक ढग नव्हता, तरी पाणी चढत होतं. पुढे जावं की मागे, हे मला ठरवता येईना, म्हणून मी उभाच राहिलो.

पलीकडून एक बाई ओरडली, “ओ पावनं! हुबं काय ऱ्हायलात? या नायतर जा, पन हुबं ऱ्हाऊ नका!”

तरी मी उभाच. शेवटी तिनं धुणं टाकलं, पाण्यात आली आणि माझं मनगट धरून मला काठाला ओढलं. पाणी तोवर मांडीपर्यंत आलं होतं आणि पिशवी एकदा पुरती बुडून वर आली होती.

“तुमाला खालापुरात कुनी सांगितलं नाय? मुंबैच्या गिरन्यांना वीज लागली का वरनं पानी सोडतात. तवा आमची नदी चडते.”

“पाणी... कुठून येतं?”

“पायपातनं,” ती म्हणाली. जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. “बाकीच्या नद्या उन्हाळ्यात आटतात. आमची नाय आटत.”

मी पिशवी उघडली आणि पुरावा म्हणून आणलेल्या उत्तरपत्रिकांचे भिजलेले कागद एकेक करून कातळावर पसरू लागलो. दुसरं काय करणार? ती जवळ आली, वाकली. बोटानं एक ओळ हळूहळू चाचपत तिनं वाचली आणि म्हणाली, “अगं बया! ही तर आमची उत्तरं. ह्यो माझा कागद. चां-गु-णा. तुमी पुन्याच्या शाळंचं का?”

“हो.”

“आनि ही लाल फुली? ही कुना शान्यानं मारली?”

खोटं बोलण्याइतका वेळ होता. पण चांगुणाबाईंनी मला नुकतंच पाण्यातून काढलं होतं.

“मी,” मी म्हणालो.

त्यांनी एकदा नदीकडे पाहिलं, एकदा माझ्या निथळत्या धोतराकडे, आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या काठावरची गुरं वर बघू लागली.

पळसवाडी

वाडी तीसएक घरांची. मला गोमादादांच्या घरी उतरवलं. गोमादादा साठीचे, हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे, बोलणं अगदी हळू. मी का आलो हे कुणी विचारलंच नाही. पाठ पाठवणारे मास्तर स्वतः आले, म्हणजे आपली उत्तरं चांगली झाली असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्याकडची ज्वारीची भाकरी मोडली की आवाज येतो. ही मऊ, ओल्या फडक्यासारखी घडी होणारी. मी चार खाल्ल्या. आपण यांचं केंद्र बंद करायला आलो आहोत, हे आठवलं की घास घशात अडे, आणि चांगुणाबाई ओरडत, “गोमादादा, मास्तरला पानी द्या, पुन्हा बुडाला!”

कार्ड मिळालं का, हे विचारायला मला धीर झाला नाही.

बाळाराम टपालवाले दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पन्नाशीचे, खाकी कोट, खांद्याला थैली. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “मास्तर, माझ्याबरूबर पुढच्या वाडीपतुर येता का?” एवढंच म्हणाले. आम्ही बांधावरून निघालो. मग ते थांबले, थैलीच्या तळातून माझं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“बावीस वर्सं टपाल वाटतो. येक कागद मागं ठेवला नाय. मयताचं कार्ड आलं तरी त्याच दिशी दिलं. ह्येच ठेवलं.”

“का?”

“वाचून कोन दावनार? मीच ना. हितं समद्यांची पत्रं मीच वाचतो, मीच लिवतो. ‘ही फसवणूक आहे’ ह्ये गोमादादाला मी माझ्याच तोंडानं कसं वाचून दावू?” ते खाली बघत म्हणाले. “टपाल दाबलं म्हनून नोकरी जाईल. ती जाऊ दे. पन त्यांच्या शाळंचं काय ते सांगा.”

मी म्हटलं, शाळा बंद होईल. सहा जणांनी तरी स्वतः लिहायला हवं.

“आज दुपारच्याला या,” ते म्हणाले. “आनि ह्ये कार्ड बी घेऊन या.”

खळ्यावरची शाळा

रॉकेल रेशनवर, त्यामुळे पळसवाडीची शाळा भर दुपारी खळ्यावर भरते. ज्या डोंगरावरून मुंबईचे दिवे लागतात, त्याच्या पायथ्याशी सूर्य मावळल्यावर वाचायला उजेड नसतो.

पाठाची प्रत एकच. कागद कमी म्हणून आम्हीच एक पाठवतो. बाळाराम मोठ्यानं वाचत होते. प्रत्येक प्रश्नावर अकरा जण भांडत होते. मलेरियाचा पाठ होता. कुणी म्हणे डास, कुणी म्हणे डोंगरचं पाणी. चांगुणाबाई म्हणाल्या, “पान्यानं झाला असता तर कालच्या बुडीनं हा मास्तर आता हुडहुडला असता.” अर्धा तास वाद होऊन एक उत्तर ठरलं, ते गोमादादांनी सावकाश बोलून दाखवलं, आणि बाळारामांनी टाक उचलला. पहिला कागद, दुसरा, तिसरा. अकरा वेळा तेच.

“प्रत्येक जण स्वतः का लिहीत नाही?” मी विचारलं. आवाज माझाच मला चोरट्यासारखा वाटला.

गोमादादा उठून घरात गेले आणि पहिल्या पाठाबरोबर आलेला सूचनांचा कागद घेऊन आले. नीट घडी करून ठेवलेला. त्यांनी चौथ्या सूचनेवर बोट ठेवलं. बाळारामांनी वाचली:

“‘उत्तरे शाईने, स्वच्छ व वळणदार अक्षरात लिहावीत. वाईट अक्षरातील उत्तरे तपासली जाणार नाहीत.’”

“आमची अक्षरं म्हंजी कोंबडीचे पाय,” गोमादादा म्हणाले. “वळनदार हात या वाडीत येकच. मग नेम मोडायचा कसा?”

ती सूचना सरांची नव्हती. माझी होती. वाईट अक्षरं तपासून डोळे दुखतात, असं मी पहिल्या बैठकीत म्हणालो होतो, आणि ती ओळ मीच लिहिली होती. तसा मला तेव्हाही तिचा अभिमान वाटला होता.

आणखी एक गोष्ट मला त्या खळ्यावर बसल्या बसल्या आठवली. चार वर्षं मला घरून वडिलांची पत्रं येतात. सगळी गावच्या मास्तरांच्या हातची. ती वडिलांची नाहीत असं माझ्या मनात कधी आलं नाही.

मी कार्ड काढलं आणि स्वतः वाचून दाखवलं. मग मी सांगितलं की चौथी सूचना माझी, वाईट अक्षरं तपासून डोळे दुखतात म्हणून लिहिलेली, फुल्याही माझ्या, आणि आता सहा जणांनी स्वतःच्या हातानं लिहिलं नाही तर पाठ यायचे बंद होतील.

चांगुणाबाई पहिल्यांदा बाळारामांवर उलटल्या. “कार्ड दाबलंस रं तू? तीन हप्तं? आमाला काय माती खाल्ल्यागत वाटलं असतं, येवडंच ना!” मग माझ्याकडे वळल्या. “आनि तुमी! डोळं दुकतात म्हनं. माझं डोळं भाकऱ्या थापताना चुलीच्या धुरानं दुकत नाय का?”

मी सूचनांचा कागद घडी करून गोमादादांना परत दिला.

“आना तो टाक,” त्या म्हणाल्या.

लिहिणं फार अवघड गेलं. मी समोर बसलो की त्यांचे हात थांबत, म्हणून मी खळ्याच्या कडेला पाठ करून बसलो. मागून कागद फाटल्याचे आवाज, शिव्या, “अगं शाई सांडली”, “तुज्या बापाचा उकार तो?” असं ऐकू येत होतं. ऊन उतरलं तेव्हा चार जणांनी एकेक वाक्य लिहिलं होतं आणि चांगुणाबाईंनी दोन. पाच झाले. पाच जणांना ते जमलंच नाही. ते नुकतेच अक्षरं ओळखू लागले होते.

उरले गोमादादा. त्यांनी कागदाला हातच लावला नव्हता.

“दादा, तुम्हाला येतं,” बाळाराम म्हणाले. “मातीत लिवताना मी बगितलंय.”

“मातीत लिवलेलं पुसता येतं,” गोमादादा म्हणाले. “पुन्याला माझं अक्षर दावायचं नाय मला.”

आम्ही सगळ्यांनी विनवलं. ते उठून गुरं बांधायला गेले.

परतीची वाट आणि नंतर

निघताना चांगुणाबाईंनी भाकरी आणि भाजलेल्या वालाच्या शेंगा फडक्यात बांधून दिल्या. नदी उतरायची वेळ त्यांनी बोटांवर मोजून सांगितली, तरी मला बाळारामांबरोबरच पाठवलं. बोरघाटात गाडीला मागून दुसरं इंजिन जोडलं आणि गाडी रखडत चढू लागली. मी पाचही कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. सहावा कागद मी लिहू शकलो असतो. ‘गोमा’ दोनच अक्षरं. खंडाळ्यापर्यंत तो विचार माझ्या शेजारी बसून होता. मग बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी कागद पिशवीत घातले, आणि पिशवी मांडीखाली ठेवली.

सरांनी अहवाल दोनदा वाचला. “कार्ड त्यांना मिळालं होतं का?”

“मिळालं,” मी म्हणालो. मी तिथे पोचल्यावर मिळालं, हे सांगितलं नाही.

“पाच आहेत.”

“हो सर.”

“मी सहा म्हटलं होतं.”

मी चौथ्या सूचनेबद्दल सगळं सांगितलं. सरांनी सूचनांचा कागद काढला आणि चौथी ओळ खोडायला मला सांगितलं. “ह्या मलेरियाच्या पाठाची उत्तरं टपालानं येऊ द्या. सहा आली तर बघू. नाही आली तर पाठ दुसऱ्या गावाला.”

त्यानंतरचे दिवस मी तासाला बसायचो पण ऐकत नसे. टपालवाल्याची चाहूल लागली की जिन्यावर जायचो. दुसऱ्या गावांची पाकिटं आली, ती तपासली. पळसवाडीचं येईना. नदी चढली असेल, बाळारामांची बदली झाली असेल, मी सगळ्यांना इतकं लाजवलं की त्यांनी टाकच फेकून दिला असेल, असं काहीबाही मनात येई.

अठराव्या दिवशी पाकीट आलं. वरचा पत्ता तेवढा वळणदार.

आत पाच नवे कागद, ओळखीच्या हातांचे, शाईनं बरबटलेले. चांगुणाबाईंनी उत्तराच्या खाली लिहिलं होतं: ‘नदी दूपारी चडते. पुना याल तर सकाळी या.’ सहावा कागद चार घड्यांचा. त्यावर फक्त रेघा होत्या, काही जाड, काही कागद फाडून गेलेल्या. मी तो तसाच सरांकडे नेला.

त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला. “हे काय आहे? वाचता येतंय का कुणाला?”

“मला येतं, सर.”

“वाचा.”

मला खरंच येत होतं, पण वेळ लागला. पहिला ‘आ’ आडवा पडला होता. ‘म’ला डोकं नव्हतं. मी बोट ठेवत ठेवत, चांगुणाबाई कातळावर वाचत होत्या तसं वाचलं: “आमची नदी आटत नाय. गोमा.”

“हा नद्यांचा पाठ नव्हता,” सर म्हणाले.

“नाही. तो मागचा प्रश्न आहे. मी चूक दिली होती.”

सरांनी कागद माझ्या हातात परत दिला. “वाईट अक्षरातली उत्तरं तपासायची नाहीत, ही सूचना आपण खोडली ना?”

“खोडली.”

“मग तपासा,” ते म्हणाले, आणि पळसवाडीच्या नावापुढे पुढच्या पाठाचा आकडा घालू लागले.

मी जागेवर येऊन बसलो. लाल पेन्सिलीला टोक केलं. ‘नाय’ तसंच राहू दिलं, आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. ती खूणही काही वळणदार आली नाही.